‘लढ बापा’: अव्वल संघाविरुद्धच्या सामन्यासाठी पडदा आणि ढोल, चार आठवड्यांच्या नोंदी

१२ जानेवारी, रविवार

वेळापत्रक आले. ९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेतीन, पहिल्या क्रमांकाच्या संघाशी फुटबॉल सामना. ते या मोसमात एकदाही हरलेले नाहीत. आपला संघ तळापासून दुसरा. मागच्या तीन सामन्यांत आपल्या पायऱ्यांवर जेमतेम साठ माणसे होती आणि दुसरा गोल बसला की तीही गप्प व्हायची. या वेळी मैदानात उतरतानाच पोरांना समोर काहीतरी दिसले पाहिजे आणि नव्वद मिनिटे कानावर काहीतरी पडत राहिले पाहिजे. काम दोन भागांत: डोक्यांवरून पसरायचा मोठा कापडी पडदा, म्हणजे युरोपातले प्रेक्षक ज्याला टिफो म्हणतात तो, आणि ढोल-ताशा.

कापड घेण्याआधी पायऱ्या मोजल्या. हे आधी करा, नंतर नाही. पश्चिमेच्या पायऱ्यांची एक पायरी १५ इंच उंच, ३० इंच खोल. म्हणजे उतारावर मोजले तर एका पायरीला साधारण ३३.५ इंच, पावणेतीन फुटांना थोडे जास्त. जवळपास सात पायऱ्या व्यापायच्या तर पडदा उताराच्या दिशेने १८ ते १९ फूट हवा. रुंदी ३० फूट धरली, कारण साठ माणसांत त्याहून रुंद पडदा ताणून धरता येत नाही.

समोरच्या बाजूच्या माणसापर्यंत अंतर सुमारे ९० मीटर.

१३ जानेवारी, सोमवार

मजकूर. पहिला प्रस्ताव ‘हरलो तरी तुमचेच’ असा होता. दोन कारणांनी बाद. सामन्याआधीच हरण्याची भाषा पोरांच्या डोळ्यांसमोर नको. दुसरे कारण अक्षरांचे: देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आली आणि खाली उकार आला की त्यांच्यासाठी वर-खाली जागा सोडावी लागते आणि मूळ अक्षर लहान होते. अठरा फुटांतले सहा फूट नुसत्या मात्रांना जातात. त्यामुळे नियम ठेवला की फक्त काना चालेल, बाकी काही नाही. त्या चाळणीतून उरले ते ‘लढ बापा’. चार अक्षरे, दोन काने, आणि नागपुरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता खरी गोम. पडदा भिंतीवर उभा नसतो, उतारावर आडवा पडलेला असतो. समोरून पाहणाऱ्याला त्याची उंची चेपलेली दिसते. वरच्या मापांत हिशेब केला: १५ भागिले ३३.५, म्हणजे ४५ टक्के. अठरा फुटांचा पडदा समोरच्याला आठ फुटांचा दिसणार. रुंदी मात्र पूर्ण दिसणार. नेहमीच्या प्रमाणात अक्षरे काढली तर ती चपटी, पोळी लाटल्यासारखी दिसतात.

म्हणून अक्षरे उभी ताणायची, आणि नुसती ताणून भागत नाही. उभे दंड दिसतात तेवढ्याच जाडीचे. आडव्या रेषा निम्म्याहून बारीक होतात. देवनागरीत सगळी मदार शिरोरेषेवर. दंड १० इंच ठेवला तर शिरोरेषा २२ इंच हवी. कागदावर हे फार बेढब दिसते, तिकडे लक्ष देऊ नका.

तपासायची सोपी रीत: १ सेंटिमीटरला १ फूट या मापाने नक्षा काढा. आपला १८ सेंटिमीटर उंचीचा होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलावर ठेवा, मागची कड ८ सेंटिमीटर उचला आणि तीन मीटरवरून, डोळे टेबलाच्या पातळीत आणून पाहा. मैदानापलीकडून दिसेल ते हेच. पहिल्या नक्ष्यात ‘ढ’चा पोटातला वळसा भरून गेला आणि तो ‘ट’ वाटू लागला. वळसा दीडपट मोकळा केला, तेव्हा कुठे ‘ढ’ झाला.

दुरून वाचता येण्याचा ढोबळ नियम असा की दर दहा फुटांना एक इंच अक्षर. ९० मीटर म्हणजे २९५ फूट, म्हणजे दिसायला किमान तीस इंच. आपले अक्षर कापडावर ११ फूट, चेपून जवळपास पाच फूट. गरजेच्या दुप्पट. मोबाइलच्या फोटोत आणि संध्याकाळच्या धुळीत ही जास्तीची उंची उपयोगी पडते.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली, जुनी शुक्रवारीत पतंगाचा उरलेला कागद स्वस्त मिळाला. कल्पना अशी होती की पडद्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्यांनी मरून रंगाचे कागद वर धरायचे. दोन गठ्ठे, २४० रुपये. गच्चीवर वीस जणांनी धरून पाहिले. पतंगी कागद उन्हात आरपार दिसतो, रंग फिका पडतो. वाऱ्याची झुळूक आली की बोटांपाशी फाटतो. पुठ्ठ्यावर चिकटवला तर टिकेल, पण दोनशे पुठ्ठे कापायला दोन दिवस. कल्पना सोडली. पैसे गेले.

१८ जानेवारी, शनिवार

गांधीबागेतून कापड. दोन पर्याय होते. पॉलिस्टरचे अस्तराचे कापड हलके, स्वस्त, पण त्यावर पाण्याचा रंग धरत नाही, घडीवर सोलून निघतो. मांजरपाट जड, पण रंग पितो. मांजरपाट घेतले, ४८ इंची पन्हा, ५२ रुपये मीटर, ५० मीटर, २६०० रुपये. तीस फुटांच्या पाच पट्ट्यांना ४६ मीटर लागते. चार मीटर जास्तीचे चाचणीला आणि ठिगळांना.

दुकानातल्या काकांनी गठ्ठा बांधता बांधता सांगितले, “भाऊ, हे पाण्यात काढून घ्याजा, आखडते.” ऐकले, पण वेळ वाचवायचा म्हणून तसेच शिलाईला दिले. या चुकीची किंमत पुढे २२ आणि २३ तारखेला.

२१ जानेवारी, मंगळवार

शिलाई झाली, ७०० रुपये. पट्ट्या आडव्या जोडल्या, म्हणजे शिवणी तीस फुटांच्या बाजूने जातात. पडदा उलगडताना सगळा ताण शिवणीवर आडवा येतो, म्हणून साधी एकेरी शिवण चालत नाही. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोन टीप मारायला सांगा, जीन्सच्या पायाला असते तशी. चार जोडांना प्रत्येकी दीड इंच कापड जाते. वर-खाली तीन-तीन इंचांची नेफ्यासारखी दुमड ठेवली, वरच्या नेफ्यात दोरी जाणार.

२२ जानेवारी, बुधवार

एका दिवसात दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली रंगाची. घरी बसून केलेल्या हिशेबाने एक लिटर पांढरे इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, आणि त्यात मिसळायच्या लाल-काळ्या स्टेनरच्या बाटल्या आणल्या, ३९० रुपये. पांढऱ्या रंगात कितीही लाल स्टेनर ओता, गुलाबीच होतो. मरून होत नाही. स्टेनर ठराविक प्रमाणापेक्षा जास्त झाला की रंग वाळतही नाही, हाताला लागत राहतो. गडद रंग हवा तर दुकानात मशीनवर गडद बेसमध्येच बनवून घ्यावा लागतो. बाहेरच्या भिंतीचे इमल्शन घ्या, ते वाळल्यावर थोडे लवचीक राहते. डिस्टेंपर नको, पहिल्याच घडीला त्याचा भुगा होतो. ऑइल पेंट नको, कापड ताडपत्रीसारखे ताठ आणि जड होते, वास जात नाही आणि तेलकट रंगाचे कापड पटकन पेट घेते.

दुसरी कापडाची. त्याच गुलाबी रंगाने ‘ल’चा एक भाग रंगवून पाहिला. रंगातले पाणी लागले तिथले कापड आखडले, बाजूचे कोरडे तसेच राहिले. अक्षराभोवती सगळीकडे चुण्या. हे इस्त्रीने जात नाही.

२३ ते २५ जानेवारी

अख्खा शिवलेला पडदा पाण्याच्या टाकीत रात्रभर भिजवला, दोनदा पाणी बदलले. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती निघाली नाही तर रंग वरच्या वर बसतो. पिळायचा नाही, नुसता टांगायचा. भिजलेला पडदा उचलायला सहा जण लागले.

वाळल्यावर माप: ३० फुटांचा २८ फूट ४ इंच झाला. उताराच्या दिशेने साडेअठरा फूट उरला, ते पुरेसे. पण कापड आखडले आणि पॉलिस्टरचा दोरा आखडला नाही, त्यामुळे दोन शिवणी सैल पडून लोंबू लागल्या. त्या उसवून पुन्हा मारल्या, २५० रुपये. आधी भिजवले असते तर हे तीन दिवस आणि हे पैसे वाचले असते. क्रम लक्षात ठेवा: भिजवा, वाळवा, मग शिवा, मग आखा.

गुलाबी भाग धुतला तरी पूर्ण गेला नाही. तो ‘ल’च्या दंडाखाली येईल असा नक्षा चार इंच सरकवला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन आटोपून दुपारी ढोल. एका गणेश मंडळाने दोन ढोल आणि एक ताशा उसना दिला. एका ढोलाचे पान गेले होते, नवीन फायबरचे ४५० रुपये. चामड्याचे पान जानेवारीच्या दमट सकाळी ढिले पडते, दुपारी उन्हात ताणते, सामन्याच्या मधल्या वेळेत आवाज बदलतो. फायबरला ती कटकट नाही, मात्र आवाज जरा कोरडा येतो.

पहिल्या सरावात मिरवणुकीसारखे सुरुवातीलाच पूर्ण वेगात वाजवले. अठराव्या मिनिटाला घोषणा देणाऱ्यांचे गळे बसले आणि ढोलवाल्यांचे मनगट धरले. मिरवणुकीत माणसे बदलत असतात, पायऱ्यांवर तीच माणसे नव्वद मिनिटे असतात. म्हणून वाजवायचे पाच मिनिटे, मग तीन मिनिटे नुसत्या टाळ्या. ढोलाला दोन जोड्या, दर पंधरा मिनिटांनी बदल. ताशा सलग नाहीच, तो फक्त आपल्या पोरांनी चेंडू हिसकावला की.

साठ माणसांचा आवाज मोठा कसा वाटेल याचे उत्तर आइसलँडकडे आहे. २०१६ च्या युरो स्पर्धेत जेमतेम तीन लाख तीस हजार वस्तीच्या त्या देशाने इंग्लंडला २-१ ने घरी पाठवले. त्यांच्या प्रेक्षकांची टाळी म्हणजे दोन ठोके ढोलाचे, मग सगळ्यांची एकच टाळी आणि ‘हू’, मग पूर्ण शांतता. ताकद त्या शांततेत आहे. आपल्याकडे नेमकी तीच कोणाला पाळवत नाही, मधल्या जागेत कोणीतरी शिट्टी मारतो. अर्धा तास फक्त गप्प बसण्याचा सराव केला. सुरुवातीला दोन टाळ्यांमध्ये चार सेकंद मोजायचे, दर चार टाळ्यांनी अंतर कमी करायचे.

शिट्टी आणि पिपाणी दोन्ही बंद. पंचाची शिट्टी समजून एखादा खेळाडू थांबला किंवा त्याने चेंडू हातात घेतला, तर पंच खेळ थांबवून ड्रॉप बॉल देतो, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून खेळ पुन्हा सुरू करतो. आपला खेळाडू गोलाकडे सुटलेला असताना आपल्याच पायऱ्यांवरून हे घडले तर ते कोणाला सहन होणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

मशीनवर बनवलेला मरून रंग, चार लिटर, १७०० रुपये. ब्रश आणि रोलर ४७०. चाचणीच्या तुकड्यावर एकाला एक पाणी घालून पहिला हात, अर्धे पाणी घालून दुसरा. पहिल्या हाताला कापड फार रंग पिते, लिटरमागे साठ चौरस फूट धरा. अक्षरांचे क्षेत्र १६० चौरस फूट भरते. हिशेबात चार लिटर रंग पुरत नव्हता, त्यामुळे भोवतीची मरून किनार रद्द केली. किनारीने वाचण्यात काही भर पडत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

एका मंगल कार्यालयाची गच्ची दोन दिवसांसाठी मिळाली. पडदा ताणून कडांवर विटा ठेवल्या, गेरूत बुडवलेल्या दोरीने एक-एक फुटाचे चौकोन पाडले. गवंडी सूत मारतात तसेच, चौघांना तीन तास. प्रोजेक्टरचा विचार केला होता, पण एवढे मोठे चित्र पाडायला प्रोजेक्टर फार मागे न्यावा लागतो आणि जरासा तिरका झाला तरी अक्षरे कलतात. चौकोनच बरे.

कापडाखाली प्लास्टिकची पन्नी अंथरली होती. ही चूक. रंग कापडातून खाली उतरतो, पन्नीवर साचतो, खालून वाळत नाही आणि कापड पन्नीला चिकटते. संध्याकाळी उचलताना ‘बा’च्या कान्याचा रंग पन्नीबरोबर निघाला. जुन्या सुती साड्या किंवा पोते अंथरा, आणि रंग लावून चाळीस मिनिटे झाली की कापड एकदा उचलून जागेवरून हलवा.

३० आणि ३१ जानेवारी, गुरुवार-शुक्रवार

दुसरा हात दुपारी तीनला संपला. लवकर संपला म्हणून पडदा रात्रभर गच्चीवरच ठेवला. पहाटे दव पडले. नागपूरच्या जानेवारीत हे होणारच, आणि थंडीत इमल्शन तसेही सावकाश वाळते. सकाळी रंग हाताला चिकट. दहाच्या उन्हात वरून कोरडा वाटला म्हणून घडी घातली, दुपारी उघडली तर रंगाला रंग चिकटलेला, ‘पा’चे दोन तळहाताएवढे पापुद्रे गेले.

उपाय: पूर्ण दिवस उन्हात, मग नीट वाळेपर्यंत सावलीत टांगून, आणि गुंडाळण्याआधी रंगावर टाल्कम पावडर हाताने चोळून जास्तीची झटकायची. दोन डबे पुरले, मिळून ९० रुपये. त्यानंतर चिकटला नाही. थंडीत रंगकाम अकरा ते तीन याच वेळात करा आणि संध्याकाळी पाचच्या आत पडदा छपराखाली घ्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

कडांना निवार पट्टीचे नाडे, दर तीन फुटांना एक. एक इंची पट्टी, प्रत्येक नाड्याला दहा इंच, शिवाय कोपऱ्यांना दुहेरी. वीस मीटर पट्टी १६० रुपये. वरच्या नेफ्यातून दहा मिलिमीटर जाड दोरी, बारा मीटर, १८० रुपये. नाडे नसतील तर लोक कापडच मुठीत धरतात, रंग तडकतो आणि वाऱ्यात हातातून सुटते. वारा जाण्यासाठी मध्ये भोके पाडण्याचा सल्ला दोघांनी दिला. भोकांनी फाटायला सुरुवात होते. पडदा डोक्यांवर असेल तर वारा खालूनच शिरतो. त्याला उपाय कडा खाली ओढून धरणे हाच.

भंगाराच्या काट्यावर वजन केले: १० किलो ८०० ग्रॅम. डोक्यांवरून जायला ठीक.

२ फेब्रुवारी, रविवार

सराव सामन्याच्या वेळी पायऱ्यांवर पहिली चाचणी. चाळीस जण.

खालून वर उलगडला: ५२ सेकंद, आणि मध्ये अडकला, कारण खालच्यांना वर ढकलावे लागते. वरून खाली सोडला: १९ सेकंद, वजनानेच उतरतो. म्हणजे वरूनच. पण दिशा बदलली तरी गुंडाळी जुनीच राहिली होती, आणि समोर उभ्या असलेल्याने हात हलवून ओरडून सांगितले की अक्षरे उलटी आहेत.

म्हणून हे नीट वाचा. वरून खाली सोडायचा तर गुंडाळायला खालच्या कडेपासून सुरुवात करा, म्हणजे खालची कड गाभ्यात जाते आणि वरची कड शेवटी बाहेर मोकळी राहते. ती सर्वात वरच्या पायरीवरचे लोक धरतात. रंगाची बाजू आत, सतरंजी गुंडाळतो तशी. वरच्या कडेला मधोमध लाल फीत, डाव्या टोकाला पांढरी. गाभ्यात बांबू घालू नका. आम्ही घालून पाहिला, सरळ राहते खरे, पण खालच्या पायरीवरच्याच्या कपाळावर येतो. नुसती कापडाची गुंडाळी पुरते. नेताना तिचा नागमोडी गठ्ठा करून पोत्यात भरा.

पडदा डोक्यांवर किती वेळ? एक मिनिट, फार तर दीड. खाली गुदमरते आणि काहीच दिसत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे पडद्याखाली नकोत, बाजूच्या पायऱ्यांवर. बिडी-सिगारेट, फटाका, रंगीत धूर काहीही जवळ नको. रंगवलेले सुती कापड आहे आणि खाली साठ माणसे.

ढोलाचा धडा वेगळाच निघाला. सराव सामना संपल्यावर आपला गोलकीपर वर आला आणि म्हणाला, “भाऊ, आपल्यावर कॉर्नर असला का ढोल थांबवत जा. मी ‘माझा’ म्हणून ओरडतो ते पोरांले ऐकूच येत नाही.” या मोसमात आपण कॉर्नरवर किती गोल खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातले काही आपल्या ढोलाने तर दिले नाहीत ना, या विचाराने बराच वेळ कोणी बोलले नाही. नवा नियम: आपल्यावर कॉर्नर किंवा गोलजवळची फ्री किक असेल तर वाद्य पूर्ण बंद, चेंडू बाहेर जाईपर्यंत. ढोलाची जागाही बदलली, गोलच्या बाजूच्या टोकावरून मध्यरेषेसमोर.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन काठ्यांचे छोटे फलक करायचे होते. आठ फुटी बांबू आठ नग, ४८० रुपये, मांजरपाटाचे उरलेले तुकडे. पुढे समजले की फाटकातून काठी आत सोडत नाहीत. हे पहिल्याच आठवड्यात विचारायला हवे होते. प्लास्टिकचा पाइपही काठीतच मोजला. फलक हाताने धरायचे ठरले, बांबू परत घेतले नाहीत. पडदा आणि वाद्ये यांची परवानगी मात्र लेखी घेतली: पडद्याचे माप, वजन, किती वेळ, केव्हा. कागदावर असले की दारावर वाद होत नाही.

घोषणा. चारच ठेवल्या, लांब एकही नाही. त्यातली एक पूर्ण इथली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत अख्खे शहर जी हाक देते, तिच्याच चालीवर एकाने म्हणायचे ‘हारन्याची पीडा’ आणि सगळ्यांनी ‘घेऊन जाय गे मारबत’. काळी आणि पिवळी मारबत इथे एकोणिसाव्या शतकापासून निघते. ही हाक नागपुरात शिकवावी लागत नाही, पहिल्याच फेरीत साठ आवाज एका तालात आले. ती राखून ठेवायची पंचाहत्तराव्या मिनिटानंतर. प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही खेळाडूच्या नावाने, जातीने, वस्तीने काही नाही. असे कोणी ओरडले तर ढोल तिथेच थांबेल, हे आधीच सांगून ठेवले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सामन्याबद्दल थोडे, कारण आवाज केव्हा द्यायचा हे त्यावरच ठरते. त्यांचा संघ पहिली वीस मिनिटे जोरात दाबतो, दोन्ही फुलबॅक, म्हणजे बचावातले कडेचे खेळाडू, वर येतात, त्यांच्या मागे मैदान रिकामे राहते. आपल्याकडे डावीकडचा पोरगा वेगवान आहे. आपल्याला चेंडू फार मिळणार नाही; सामना बचावात जाणार. म्हणून आपल्याकडे चेंडू असताना वाजवायचे हा जुना हिशेब चालणार नाही, मग निम्मा सामना गप्प बसावे लागेल. पहिल्या वीस मिनिटांत आपल्या बचावाने चेंडू बाहेर मारला तरी टाळी. प्रत्येक वेळी. तिथे पोरांना वाटले पाहिजे की हेच काम आहे आणि ते बरोबर चालले आहे.

मोठ्या संघांना असेच हरवले जाते. ४ जुलै २००४ ला लिस्बनमध्ये ग्रीसने पोर्तुगालला त्यांच्याच घरात १-० ने हरवले, एक कॉर्नर, एक हेडर. आपल्याकडे आयझॉलचा संघ आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून खाली घसरला होता, त्याला पुन्हा जागा मिळाली आणि पुढच्याच मोसमात, ३० एप्रिल २०१७ ला, शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून तो विजेता झाला. आपल्याला विजेतेपद नको आहे, रविवारचा एक सामना हवा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची तालीम, साठपैकी बावन्न जण आले. पडदा १७ सेकंदांत उघडला, १ मिनिट धरला, २४ सेकंदांत खाली गोळा केला. खाली गोळा करणाऱ्यांची वेगळी तुकडी हवी, हे आज लक्षात आले. वरचे लोक दोरी सोडतात आणि खाली घेणारा कोणी नसतो. आठ जण तळाच्या पायरीवर नेमले. संघ मैदानात येताना उघडायचा, खेळाडू ओळीत उभे राहिले की खाली. खेळ सुरू असताना पडदा पुन्हा वर जाणार नाही, आपण गोल केला तरी. मागच्या माणसाचा सामना आपल्यामुळे बुडता कामा नये.

समोरच्या बाजूने फोटो काढून घेतला. ‘लढ बापा’ सरळ वाचता येते. ‘ढ’ स्पष्ट आहे. ‘पा’वरचे ठिगळ जवळून दिसते, पलीकडून नाही.

एकूण खर्च ७७१० रुपये, वर्गणीतून. त्यातले १३६० चुकांत गेले: गुलाबी रंग ३९०, पुन्हा शिवण २५०, पतंगी कागद २४०, बांबू ४८०. वेळ धरला तर भिजवण्यात तीन दिवस गेले आणि दवामुळे आणखी थोडा. पुन्हा करायचे झाले तर अडीच आठवडे पुरतील.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

आभाळ मोकळे, वारा नाही. पडदा पुन्हा उघडून पावडर झटकली आणि गुंडाळला: खालची कड गाभ्यात, रंग आत, लाल फीत बाहेर मधोमध, पांढरी डावीकडे. दोघांनी वेगवेगळे तपासले. पोत्यात परवानगीचा कागद, सुई-दोरा, निवारीचा उरलेला तुकडा. ढोलाचे नटबोल्ट आवळले, जादा टिपरू घेतले. पाण्याचे चार कॅन दुपारी एकला पायऱ्यांवर पोहोचतील.

सगळ्यांनी दोन वाजता पश्चिमेच्या फाटकाशी. वरच्या पायरीवरचे अठरा जण आधी आत.